घरटी एक माणूस

मु. वाकी, ता. जामखेड
६ जानेवारी १९५८

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

शनिवारच्या बाजारात तुझ्याबरोबर कामाला असलेल्या भिमाजीचा भाऊ भेटला. त्यानं सांगितलं, तुमच्या पिंपरीच्या पंपाच्या कारखान्यात ओतशाळा बंद ठेवली आहे आणि तुम्ही सगळे गेटाबाहेर उभे असता. हे मला परक्याच्या तोंडून कळावं? मी तिथंच खाली बसलो. गुळवाल्यानं पाणी दिलं.

तू साहेबाशी भांडलास का? खरं सांग. युनियनच्या नादाला लागू नको, असं मी तुला एस.टी.त बसवताना बजावलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला त्यातलं फार कळत नाही, पण मोठ्याशी वैर धरू नये एवढं कळतं. आणि भांडला नसशील तर काम नसताना तिथं करतोस काय? खोलीचं भाडं भरायचं, खाणावळीत जेवायचं आणि बंद फाटकाकडं बघत बसायचं, ही कसली नोकरी?

इथं ज्वारी हुरड्यात आली आहे. पाखरं काही ठेवत नाहीत. तुझी आई शेतातल्या माळ्यावर चढून गोफण फिरवते. परवा उतरताना शिडी सरकली आणि तिचा पाय जरा मुरगळला. काळजीचं कारण नाही. सूनबाई शालनला चौथा महिना आहे, तिला मी जड काही उचलू देत नाही. पत्र मिळताच निघून ये. रात्रीच्या गाडीनं येऊ नको, नगरच्या स्टँडवर चोर फार.

तुझा,
सोपान काशीद

*

पिंपरी
१३ जानेवारी १९५८

तीर्थरूप तात्यांना ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार.

मी कुणाशी भांडलो नाही. कंपनीला कच्चं लोखंड मिळेना, म्हणून ओतशाळेतल्या सगळ्यांना तात्पुरतं घरी बसवलं आहे. याला ले-ऑफ म्हणतात. कामावरून काढलेलं नाही. अशा दिवसांचा अर्धा पगार कायद्यानं मिळतो. फक्त त्याला एक अट आहे. रोज कामाच्या वेळेला गेटावर जाऊन हजर व्हायचं. काम नाही हे माहीत असलं तरी जायचं. जो गेला नाही, त्याचा अर्धाही गेला.

पण पहिल्या दिवसापासून कंपनीनं गेटच लावून घेतलं आहे. टाइमकीपर बाहेर येत नाही, हजेरी घेत नाही. युनियनचे वकील नानासाहेब पुण्याहून आले होते. ते म्हणाले, "गेट उघडो न उघडो, तुम्ही तिथं दिसला पाहिजे." म्हणून आम्हीच आमची हजेरी घेतो. भिमाजी नावं पुकारतो, आम्ही "हजर" म्हणतो. भिमाजी म्हणतो, "राव, आपण म्हणजे धोंड्याच्या महिन्यातले जावई. रोज सासऱ्याच्या दारात जायचं, आणि म्हातारा आतून कडी लावून बसलाय!"

तेव्हा मला येता येत नाही. तुम्हाला वाटतं मी रिकामा आहे. तात्या, रिकामं उभं राहणं हेच सध्या माझं काम आहे. आईच्या पायाला आंबेहळद उगाळून लावा, आठ दिवसांत उतार पडेल. शालनला सांभाळा.

आपला,
ज्योतीराम

*

वाकी
१९ जानेवारी १९५८

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

आंबेहळदीनं बरं होणारं ते नाही. तू घाबरशील म्हणून मी मुरगळला असं लिहिलं होतं. तुझ्या आईच्या मांडीचं हाड मोडलं आहे. खर्ड्याच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. तो म्हणाला, होळी होऊन जाईपर्यंत पाय भुईला लागता कामा नये. कूस बदलायची तर उचलावं लागतं, परसात न्यायची तर उचलावं लागतं. परवा मी एकट्यानं उचलायला गेलो. माझ्या कमरेत कळ आली आणि दोघंही खाटेवर कोसळलो. एवढ्या दुखण्यात ती हसली. म्हणाली, "लग्नात उचललं न्हाई, आता कशाला हौस?" शेजारचे रोज किती येणार? त्यांचीही ज्वारीची राखण आहे.

मी रात्रंदिवस विचार केला. आपल्या गावात ओढ्याला बांध घालायचा असला की घरटी एक माणूस लागतो. सोपानच पाहिजे असं पाटील कधी म्हणतो का? मला हिवताप भरला होता त्या साली तुझी आई खांद्यावर फावडं टाकून गेली आणि पाटलानं आपलं घर हजर धरलं. तुझ्या गेटाचंही तेच. यंत्र चालवायचं नाही, लोखंड ओतायचं नाही. नुसतं उभं राहायचं. मला उचलता येत नाही, पण उभं राहता येतं.

तू इथं ये आणि आईला उचल. मी तिथं तुझ्या जागी उभा राहतो. मंगळवारच्या गाडीनं निघतो आहे. हे पत्र आणि मी बहुतेक बरोबरच पोहोचू. मला नाही म्हणू नको. खोलीची किल्ली तयार ठेव.

सोपान काशीद

*

पिंपरी
२ फेब्रुवारी १९५८

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

तू वाकीला सुखरूप पोहोचल्याचं कार्ड मिळालं. तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. स्टेशनवर तू शेवटपर्यंत "तात्या, हे कायद्यात बसणार नाही" म्हणत होतास, तेच कानात घुमत होतं.

पण बसतंय असं दिसतं. तुझा खाकी सदरा घालून पहिल्या दिवशी गेलो. बाह्या हाताच्या बोटांवर येत होत्या. भिमाजी म्हणाला, "तात्या, या सदऱ्यात तुम्ही फौजदार दिसता. कंपनी घाबरून गेट उघडंल." मग त्यानं नावं पुकारली. तुझं नाव आलं. "हजर" असं मी इतक्या जोरात ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. सगळे हसले, पण कुणी नाही म्हटलं नाही. भिमाजीला मी घरटी एक माणसाचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरोबर आहे. घर आलं म्हणजे माणूस आला."

गेटाच्या उजव्या अंगाला करंजाचं झाड आहे, तिथून तिसरी तुझी जागा. मी तीच धरतो. बसायला एक दगड आणून ठेवला आहे, पण हजेरी होईपर्यंत बसत नाही. गेटासमोर चहा विकणारी अंबूबाई जुन्या पिंपरी गावातली. तिनं विचारलं, "व्हय बाबा, तुमी कुठल्या खात्यात?" मी म्हटलं, उभं राहायच्या. ती म्हणाली, "मग लौकर साहेब व्हाल. आतले समदे साहेब त्याच खात्यात हायेत!"

गजांच्या पलीकडं आबाजी नावाचा पहारेकरी असतो. तो आमच्याकडं न बघितल्यासारखं करतो. त्याला तशी ताकीद आहे म्हणतात. मला त्याची भीती वाटे. काल थंडी फार होती, त्यानं मान दुसरीकडं ठेवून गजांतून चुन्याची डबी पुढं केली. त्यालाही लेकरंबाळं असतील.

आईला रोज कुशीवर वळव, पाठीला तेल लाव. नाही तर कातडं सोलतं. मी ताटलीत भात तसाच टाकून झोपतो असं तिला सांगू नको. मी नीट जेवतो.

सोपान काशीद

*

वाकी
१० फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

आईला सकाळ-संध्याकाळ मीच उचलतो. ओतशाळेतल्या साच्यांपेक्षा ती हलकी झाली आहे, हे मला बघवत नाही. तोंड मात्र तसंच आहे. मला म्हणाली, "तू मला उचलतोस, तिकडं ह्यांना कोण उचलतंय? उभ्या उभ्या झोप लागंल त्यांना." मग डोळे पुसले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून शालनला बोलली.

तात्या, मला झोप येत नाही. नुसतं उभं राहा, पण माझ्या नावाला "हजर" म्हणू नका. कायदा कामगाराला बोलावतो, घराला नाही. नानासाहेबांना हे माहीत आहे का? नसेल तर लगेच सांगा. भिमाजी थट्टेखोर आहे, त्याला सगळंच हसण्यावारी नेता येतं. माझी रजा म्हणून लिहा म्हणावं. अर्धा पगार गेला तर जाऊ दे, नोकरी राहू दे. जूनमध्ये आपल्या घरात आणखी एक तोंड येणार आहे.

ज्योतीराम

*

पिंपरी
२६ फेब्रुवारी १९५८

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हाच नानासाहेबांना सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. उद्या सांगू, परवा सांगू असं करत राहिलो, आणि आता नको ते झालं.

सोमवारी गेटावर कागद चिकटवला. भिमाजीनं वाचून दाखवला. ओतशाळेतला एकही माणूस ले-ऑफच्या काळात कामावर हजर झाला नाही, सगळे स्वतःहून नोकरी सोडून गेले, असं कंपनी म्हणते. म्हणजे अर्धा पगार नाही, नोटीस नाही, नोकरी गेल्याची भरपाई नाही, आणि लोखंड आल्यावर नवी माणसं घ्यायला ते मोकळे. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर उभे होतो रे! कुणी हसलं नाही त्या दिवशी. भिमाजी तर खाली बसून मातीत रेघा ओढत होता.

पुण्याच्या लेबर कोर्टात दावा लागला आहे. कामगारांनी सांगितलं की आम्ही येत होतो, तर कंपनीचा वकील म्हणणार, हे पगारासाठी बोलतात. बाहेरचा साक्षीदार पाहिजे. अंबूबाई रडली. "माजी टपरी कंपनीच्या जागेत हाय, बाबा. उद्या उचलून फेकतील. मी न्हाई यायची." तिला काय बोलणार? आबाजी तर गजांआड.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पाहिलंय की! मी कुठं कामगार आहे?" नानासाहेबांनी चष्मा काढला. "मग तुम्ही तिथं रोज कसे, आजोबा?" मी सगळं सांगितलं. ते उठून उभे राहिले. मला वाटलं मारतील. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत तर सगळ्यांचं वाचेल कदाचित, पण ज्योतीरामचं जाईल. तो गैरहजर होता आणि त्याच्या नावानं खोटी हजेरी दिली गेली, असं ते म्हणतील. तुम्ही साक्ष दिली नाहीत तर सगळ्यांचंच अवघड आहे. मी तुम्हाला काही सांगणार नाही. तुम्ही ठरवा."

बाहेर आल्यावर भिमाजीनं मला बाजूला घेतलं. "तात्या, तिसरी वाट आहे. ज्योतीराम रोज गेटावर होता आणि तुम्ही त्याची भाकरी घेऊन यायचा. बास. सगळेच वाचतात."

आता मी काय करू? शपथ घेऊन खोटं बोलू का पोराच्या पोटावर पाय देऊ? १७ मार्चला तारीख आहे. तू सांगशील तसं करीन. उलट टपाली लिही.

सोपान काशीद

*

वाकी
४ मार्च १९५८

तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

भाकरीचं सांगा.

मी दोन दिवस पत्र लिहून फाडत होतो. खरं सांगा असं लिहायला गेलो की शालन समोर दिसते. मी तिथं नव्हतो, कारण आई इथं पडून होती. ही काय चोरी आहे? भाकरी घेऊन बाप पोराकडं जातोच. यात कुणाचं नुकसान नाही.

आईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणते, "त्यांना खोटं बोलता येत न्हाई. घाबरल्यावर तर मुळीच न्हाई. लगीन ठरवताना वय चोरायला सांगितलं होतं, तर म्हणाले तीस, मग म्हणाले बत्तीस, मग माझ्या बापाला विचारलं, तुमी सांगाल ते." तिच्याकडं लक्ष देऊ नका. थोडंच बोला. जास्त विचारलं तर ऐकू येत नाही म्हणा.

ज्योतीराम

*

पिंपरी
१८ मार्च १९५८

चि. ज्योतीराम,

तुझी आई मला ओळखते.

काल भिमाजीनं गाडीत शिवाजीनगर येईपर्यंत माझी तयारी करून घेतली. भाकरी, फडक्यात बांधलेली, वर कांदा. कोर्टात मी शपथ घेतली आणि कठडा धरून उभा राहिलो. नानासाहेबांनी विचारलं, गेटावर माणसं येत होती का? मी म्हटलं, रोज. तुम्ही कशाला जात होता? मी म्हटलं, पोराची भाकरी घेऊन. नानासाहेब माझ्याकडं बघायचे थांबले आणि खाली बसले.

मग कंपनीचे वकील उठले. आवाज गोड, जसा सोयरिकीला आलेल्या पाहुण्याचा. "बाबा, मुलगा कुठं उभा असायचा?"

"करंजापासून तिसरा."

"आणि तुम्ही?"

मी सगळीकडं मनातल्या मनात उभा राहून बघितलं. दुसऱ्या जागी तुमच्यातला रघू, चौथ्या जागी तो मिशीवाला. मला दुसरी जागाच सापडेना. मी म्हटलं, "तिथंच."

"दोघंही एकाच जागी? मुलगा तुमच्या खांद्यावर बसायचा का?"

सगळं कोर्ट हसलं. आणि मग ज्योतीराम, मला आवरलंच नाही. मी म्हटलं, "तो नव्हताच, साहेब. त्याची आई मोडून पडली होती, तिला उचलायला मी त्याला गावी पाठवला. त्याच्या जागी मीच होतो. मीच हजर म्हणायचो. आमच्यात घरटी एक माणूस लागतो." भिमाजीनं कपाळाला हात लावलेला मला दिसला.

वकिलाला तर घबाड मिळालं. तो तरातरा पुढं आला. "म्हणजे तुम्ही खोटी हजेरी देत होता! कुणाकडं?"

"भिमाजीकडं."

"भिमाजी रोज असायचा?"

"तो नसला तर नावं कोण पुकारणार?"

"आणि बाकीचे? त्यांनी तुम्हाला अडवलं नाही?"

"नाही, साहेब."

"का अडवतील! सगळे सामील! महाराज, लक्षात घ्या, रोज सकाळी कंपनीच्या गेटावर हे सगळेच्या सगळे कामगार उभे होते आणि प्रत्येकानं ही लबाडी आपल्या डोळ्यांनी पाहिली. काय हो बाबा, सगळे तिथं होते ना?"

मी म्हटलं, "हो साहेब. सगळे होते. रोज होते."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. त्यांनी मान वर केली आणि वकिलांना विचारलं, "सगळे तिथं होते, असं आपलं म्हणणं आहे ना?"

वकील घाईघाईनं हातातले कागद चाळू लागले. मग न्यायाधीश माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "बाबा, खरं बोलायला तुम्ही उशीर केलात." मी म्हटलं, "चुकलो, महाराज."

बाहेर आल्यावर माणसांनी माझे पाय धरले. मला ते सोसेना. मी सगळ्यांची नोकरी राखली आणि माझ्या पोराची कोर्टात नेऊन ठेवून आलो. तू मला काय म्हणायचं ते म्हण. शालनला कसं सांगशील?

सोपान

*

वाकी
२५ मार्च १९५८

तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि तसाच शेतात गेलो. खोटं कशाला लिहू, तुमचा राग आला होता. एवढी एक भाकरी तुम्हाला पेलली नाही, असं वाटत होतं.

संध्याकाळी आईला उचलायला गेलो. ती म्हणाली, "आज तू हात दे, बाकी मी बघते." मेढीच्या खांबाला धरून ती उभी राहिली. पाय थरथरत होता. शालननं हळूच विचारलं, "मामंजी किती वेळ उभे राहत असतील हो?"

शालनला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. निकाल लागला की कळवा. काही लागला तरी मी येतो.

ज्योतीराम

*

पिंपरी
१४ एप्रिल १९५८

चि. ज्योतीराम यास अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. माणसं रोज गेटावर होती, हे कोर्टानं धरलं. कुणी नोकरी सोडलेली नाही. सगळ्यांना अर्धा पगार द्यायचा, ओतशाळा सुरू होईल तसं कामावर घ्यायचं. पुढं माणसं कमी करायचीच असतील तर जो शेवटी आला तो आधी, आणि तेही नोटीस नि भरपाई देऊन. घरटी एक माणूस असा नियम कायद्यात नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं आहे. नानासाहेबांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली आणि दोन्ही वेळा हसले.

तू गावी होतास त्या दिवसांचा तुला अर्धा पगार नाही. तू नोकरी सोडलीस की नाही, ते वेगळं चालायचं आहे. नानासाहेब म्हणतात, मोडलेल्या हाडाचा दाखला आण, हाडवैद्य आण, आपण लढू. आशा आहे, पण वचन देत नाही. तोवर तू रोज गेटावर हजर व्हायचं. तू स्वतः. मी चालणार नाही.

आज गेट उघडलं. आबाजीनं उघडलं. टाइमकीपर खुर्ची टाकून बसला आणि माणसं आत सोडू लागला, तर भिमाजी दारातच आडवा उभा राहिला. "थांबा, राव. आधी आमची हजेरी." त्यानं पहिल्यासारखी सगळी नावं बाहेरच पुकारली. तुझं नाव आलं तेव्हा सगळे माझ्याकडं बघू लागले. मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. भिमाजी म्हणाला, "येतोय. आईला उभी करून येतोय." मग माणसं आत गेली. रोज असंच करायचं ठरलं आहे, तुझं नाव आतल्या हजेरीत येईपर्यंत.

मी बुधवारी निघतो. आईला काठी घेऊन दारापर्यंत यायला सांग, पण उंबरा ओलांडू देऊ नको. तू गुरुवारी नीघ, दिवसाच्या गाडीनं. खोलीची किल्ली अंबूबाईकडं ठेवली आहे. तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत, तर तू मागं लागून दे. खाकी सदरा धुऊन दोरीवर टाकला आहे, उजव्या बाहीला उसवला होता तो शिवला आहे.

सगळे आत गेल्यावर गेटावर तू एकटाच राहशील. वाईट वाटून घेऊ नको आणि लाजून मागं सरू नको. करंजापासून तिसरी जागा. दगड तिथंच आहे. पण हजेरी होईपर्यंत बसू नको.

तुझा,
तात्या